डिलनसाहेब, हे काही बरं नाही केलंत

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की शिव्या घालून निघून जायचं ते ठरवायला बरं. मी बॉब डिलनचा वैरी नाही. २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि होस्टेलच्या मेसमध्ये 'गाणी म्हणजे साहित्य का' ह्यावर त्याच्या बाजूने घसा बसेपर्यंत भांडलो होतो. डिलन मोठाच आहे. पण मोठा माणूस भर सभेत दुसऱ्या एका चांगल्या माणसाची रेवडी उडवतो आणि त्याचे भक्त ती रेवडी दहा-दहा वर्षं चघळत बसतात, तेव्हा कुणीतरी 'अहो, थांबा जरा' म्हणायला हवं. मराठीत बाकी कुणी म्हणताना दिसत नाही, म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय.

झालं असं. ६ फेब्रुवारी २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये म्युझिकेअर्स ह्या संस्थेने डिलनचा सत्कार केला. अडचणीतल्या संगीतकारांना मदत करणारी ही संस्था. एरवी स्टेजवर तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस त्या दिवशी लिहून आणलेलं लांबलचक भाषण वाचत बसला. भाषण सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. आपली गाणी आभाळातून पडली नाहीत, जुन्या लोकगीतांतून कशी आली, हे त्याने फार छान सांगितलंय. पण मध्येच गाडी घसरली. टॉम टी. हॉल नावाच्या कंट्री गायकावर तो घसरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा हॉल एका मुलाखतीत नव्या धाटणीच्या गाण्यांबद्दल कुरकुरत होता, आणि स्वतः मात्र 'आय लव्ह' हे असलं गाणं लिहीत होता, म्हणजे आपल्याला काय काय आवडतं त्याची नुसती यादी, जरा जास्तच शिजलेली. सगळं कसं आलबेल चाललं होतं. मग नॅशव्हिलमध्ये क्रिस क्रिस्टोफरसन आला, त्याने 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' लिहिलं, आणि हॉलच्या पत्त्यांच्या मैफली उधळल्या. बिचारा वेड्यांच्या इस्पितळात पोचला असेल. बरं झालं, त्याने माझी गाणी नाही ऐकली... वगैरे वगैरे.

आमच्या टीममध्ये एक डिलनभक्त आहे. जेवताना कंट्रीचा विषय निघाला की हा उतारा त्याला तोंडपाठ. आणि टेबलावरचे बाकीचे पाच जण, ज्यांनी हॉलचं एकही गाणं आयुष्यात ऐकलेलं नाही, ते खो खो हसतात. ह्या हसण्याचा मला राग आहे.

आता हिशोब बघा. आम्ही आयटीवाले तारखांच्या बाबतीत जरा चिकट असतो. क्रिस्टोफरसनचं ते गाणं जॉनी कॅशने गाजवलं १९७० साली. हॉलची एकूण सात गाणी बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या नंबरवर गेली, त्यातलं फक्त एक त्याच्या आधीचं. बाकीची सहाच्या सहा १९७१ ते १९७६ मधली. ज्याच्या जगाचा चक्काचूर झाला म्हणताय तो माणूस त्यानंतरच सुटलाय! आणि गंमत म्हणजे ज्या 'आय लव्ह'ची टिंगल केली, ते आलं १९७३ ला. म्हणजे डिलनच्या गोष्टीत जे आधी घडतं ते खरं तर तीन वर्षांनी घडलेलं आहे. गोष्ट म्हणून झकास, पण लॉग फाईल काही तसं म्हणत नाही.

आणि 'आय लव्ह'बद्दल विचाराल तर ते गाणं मलाही फार प्रिय नाही. गोड आहे, पाक जरा पुढेच गेलाय. पण एखाद्या बॅट्समनला त्याच्या शून्यांवरून कुणी मोजतं का?

तर टॉम टी. हॉल कोण? (मी त्याला अरे-तुरे करणार आहे. आपण लताला आणि सचिनला करतो, त्याच हक्काने.) जन्म १९३६, केंटकी राज्यातलं ऑलिव्ह हिल हे छोटं गाव. आई लवकर गेली. वडील शिकारीत गोळी लागून जखमी झाले, तेव्हा पोराने शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात काम धरलं. पुढे सैन्यात जर्मनीला, मग रेडिओवर निवेदक, आणि १९६४ मध्ये नॅशव्हिल. तिथे आधी दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, मग स्वतः गायला लागला. आवाज असा की शेजारचे काका ओट्यावर बसून बोलतायत. ताना नाहीत, हुंदके नाहीत. लोक त्याला 'द स्टोरीटेलर' म्हणायचे, आणि १९७२ च्या त्याच्या एका रेकॉर्डचं नावही तेच.

त्याला आधी पैसा आणि नाव मिळवून दिलं ते १९६८ च्या 'हार्पर व्हॅली पी.टी.ए.' ह्या गाण्याने. गायलं जीनी सी. रायली हिने. एकाच गाण्याने बिलबोर्डच्या पॉप आणि कंट्री अशा दोन्ही याद्यांत पहिला नंबर मिळवणारी ती पहिली बाई. गोष्ट साधी. शाळेच्या पालक-शिक्षक संघाकडून एका विधवेला चिठ्ठी येते: तुमचे कपडे तोकडे, तुम्ही दारू पिता, मुलीवर काय संस्कार होणार. बाई तोच तोकडा स्कर्ट घालून थेट बैठकीत जाते आणि समोर बसलेल्या एकेका प्रतिष्ठिताचं लफडं, बाटली, गुपित नाव घेऊन बाहेर काढते. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेला जो एकदा तरी बसलाय त्याला हे गाणं समजावून सांगायला नको. पण खरी मेख शेवटी आहे. ही हकीकत इतका वेळ आपल्याला कोण सांगत होतं, तर त्या बाईची मुलगी. चिठ्ठी तिच्याच हाती घरी पाठवलेली असते. हे कळलं की आख्खं गाणं मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं. आता ती एका लेकीने आपल्या आईबद्दल अभिमानाने सांगितलेली गोष्ट झालेली असते. एका ओळीत एवढं! कविता कशाला म्हणतात मग?

सांगायचा मुद्दा असा, की डिलनपंथीयांची एक ठाम समजूत आहे. गाणं 'थोर' व्हायचं तर त्यात प्रतिमा हव्या, गूढ हवं, चार जणांनी चार अर्थ लावायला हवेत. सरळ सांगितलेली गोष्ट म्हणजे बाळबोध. आपल्याकडेही हा आजार आहेच. कवितेत 'अंधाराची मुळं' वगैरे आली की माना डोलतात, आणि 'म्हातारा फरशी पुसत होता' म्हटलं की 'हे तर गद्य झालं.' अहो, पण फरशी पुसणारा तो म्हातारा नेमका कुठे, कधी आणि कुणासमोर फरशी पुसत होता हे निवडायलाच तर अक्कल लागते.

हा म्हातारा मी हवेतून आणलेला नाही. 'ओल्ड डॉग्ज, चिल्ड्रन अँड वॉटरमेलन वाईन' ह्या गाण्यातला आहे. १९७२ साली मायामी बीचला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, हॉल त्या निमित्ताने तिथे गेलेला. रात्री हॉटेलच्या बारमध्ये एक पासष्टीचा कृष्णवर्णीय म्हातारा साफसफाई करत होता. तो येऊन बसला आणि आयुष्यात किंमत असलेल्या तीन गोष्टी सांगून गेला, त्याच गाण्याच्या नावात आहेत. बारवाला टीव्ही बघतोय, हे बोलतायत, संपलं. १९७३ मध्ये हे गाणं पहिल्या नंबरवर गेलं. आता त्याने काय गाळलंय ते बघा. अधिवेशनाचा गाण्यात उल्लेखसुद्धा नाही! त्याच शहरात गरिबांच्या नावाने भाषणं चाललेली असताना पासष्ट वर्षांचा माणूस रात्री बार झाडतोय, हे वाक्य लिहायचा मोह मला तर अजिबात आवरला नसता (आत्ताही आवरला नाहीच). हॉलला आवरला. त्याने म्हाताऱ्याला 'प्रश्न' केलं नाही, माणूस ठेवलं आणि बोलू दिलं.

कीर्तनात पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. आमच्या गावी सप्ताहात पूर्वरंग चालू असेपर्यंत आम्ही पोरं देवळाबाहेर गोट्या खेळायचो आणि आख्यान लागलं की आत पळायचो. हॉल म्हणजे पूर्वरंग गाळून थेट उत्तररंग. निरूपण ज्याचं त्याने घरी जाताना करावं.

मला हे इतकं का भावतं त्याला कदाचित माझा धंदा कारण असेल. पहिल्या नोकरीत मी एक बग लिहिला होता, त्यात 'सिस्टिम नीट चालत नाही असं वाटतं' असं वाक्य होतं. सिनिअरने बोलावून सांगितलं, तुला काय वाटतं ते नको, काय केलंस आणि काय दिसलं ते लिही, वाटायचं काम आम्ही करू. हॉलची गाणी तशी आहेत. काय केलं, काय दिसलं. 'बॅलड ऑफ फॉर्टी डॉलर्स' घ्या (१९६८). दफनभूमीत काम करणारा एक माणूस लांबून एक अंत्ययात्रा बघतोय. कोण आलं, कुणाची गाडी मोठी, मेलेल्याची बायको दिसायला कशी आहे, सगळ्यावर त्याची टिप्पणी चालू. आणि शेवटी कळतं की जो मेला त्याच्याकडे ह्याचे चाळीस डॉलर अडकलेत. बस्स. मरण, माणुसकी, क्षणभंगुरता ह्यातला एकही शब्द नाही. आमच्या डिलनभक्ताला मी हे एकदा कंपनीच्या बसमध्ये ऐकवलं. शेवटाला तो फस्सकन हसला, आणि दोन सिग्नल गेल्यावर म्हणाला, "मग तो त्या बायकोकडे पैसे मागणार का रे?" म्हटलं, गाण्यात सांगितलेलं नाही. घर येईपर्यंत तो त्याचाच विचार करत होता. आता हे 'बाळबोध' गाणं का? अर्थात दुसऱ्या दिवशी जेवताना तो परत मूळपदावर. असो.

'होमकमिंग' (१९६९) तर ह्याच्याही पुढे. गावोगाव गात फिरणारा मुलगा बऱ्याच काळाने बापाला भेटायला आलाय. आपल्याला ऐकू येतं ते फक्त मुलाचं बोलणं. बाप काय विचारतो ते मुलाच्या उत्तरावरून ओळखायचं. बीअरच्या गुत्त्यात गात नाही हो, नाईटक्लब म्हणतात त्याला, असं तो सांगतो. आई गेली तेव्हा येता आलं नाही, दौऱ्यावर होतो, असंही सांगतो. आणि थोड्याच वेळात निघतो. बापाच्या तोंडी एक शब्द नाही आणि आख्खा बाप डोळ्यांसमोर. सणाला दीड दिवस घरी जाऊन लॅपटॉप उघडून बसणाऱ्या आमच्या पिढीने हे गाणं ऐकूच नये, त्रास होतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' वाचताना जसं लेखक मध्ये येत नाही, माणूसच समोर येऊन उभा राहतो, तसं काहीसं. त्या पुस्तकाला कुणी 'नुसत्या गोष्टी' म्हणून बघावं, मराठी वाचक अंगावर धावून जाईल.

बरं, डिलन स्वतः काय करतो? त्याचं 'द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल' हे १९६४ चं गाणं मी जगातल्या सर्वोत्तम गाण्यांत धरतो. १९६३ साली बाल्टिमोरच्या हॉटेलात काम करणारी कृष्णवर्णीय बाई, तिला छडीने मारणारा श्रीमंत गोरा, आणि शेवटी सहा महिन्यांची शिक्षा. काटा येतो. पण प्रत्येक कडव्यानंतर डिलन ऐकणाऱ्याला बजावतो की अजून रडू नका, आणि शेवटी, हं, आता रडा. म्हणजे कधी रडायचं तेही तोच ठरवणार! जोरदार युक्ती आहे, नाकारत नाही. पण ती युक्ती ज्याला लागते त्याने, जो ती न वापरता तेच काम करतो त्याला कच्चा म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

इथे एक जण नक्की म्हणणार: कंट्री म्हणजे टोपी, ट्रक, बीअर आणि झेंडा, तू कुठे नादी लागलास. रेडिओवरच्या बऱ्याच कंट्रीबद्दल हे खरंही आहे, मी त्याची वकिली करत नाही. आणि आपल्या लोकांचं कंट्री सुरू होतं आणि संपतं जॉन डेन्व्हरच्या 'टेक मी होम, कंट्री रोड्स'वर. कॉलेजची शेकोटी असो नाहीतर कुणाचा सेंड-ऑफ, तेच. गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, पण सुचलं मेरीलँडमधल्या रस्त्यावर. चालायचंच.

पण झेंड्याचा आरोप आलाच आहे तर हॉलचीच एक गोष्ट सांगतो, त्याच्या बाजूची वाटणार नाही तरी. १९६५ साली त्याने 'हेलो व्हिएतनाम' लिहिलं, जॉनी राइटने गायलं, कंट्रीत पहिला नंबर. चक्क युद्धाच्या बाजूचं गाणं. सैनिक प्रेयसीचा निरोप घेतोय, साम्यवाद इथेच रोखला पाहिजे वगैरे. कुब्रिकच्या १९८७ च्या 'फुल मेटल जॅकेट'ची सुरुवात आठवा, पोरांच्या डोक्यांवरून मशिन फिरतंय आणि मागे गाणं वाजतंय, तेच हे. कुब्रिकने ते टोमणा म्हणून वापरलं. हॉलने मात्र सरळ मनाने लिहिलं होतं.

आणि १९७० मध्ये त्याच हॉलने लिहिलं 'मामा बेक अ पाय'. तोच सैनिक म्हणा हवं तर, परत येतोय. आईने पाय करावा, बापाने कोंबडी कापावी, किती वाजता पोचणार ते मिनिटासकट सांगतो. चाकांच्या खुर्चीत आहे. पाय गेलेत. आता बुटांचा खर्च वाचला म्हणून विनोद करतो. पांघरुणाखाली बाटली लपवलेली. जिचा निरोप घेतला ती दुसऱ्याची झाली. युद्ध चूक की बरोबर ह्यावर चकार शब्द नाही. पाच वर्षांपूर्वी ज्याने पोरांना उत्साहाने रवाना केलं, त्याने परत आलेल्या पोराला घरापर्यंत आणून सोडलं. निषेधाची गाणी त्या काळात पोत्याने लिहिली गेली, पण ती मुख्यतः जे लढायला गेले नाहीत त्यांनी, आपल्यासारख्यांना ऐकवली. हे गाणं त्या घरांत वाजलं जिथून पोरं गेली होती. कुठल्या गाण्याने जास्त काम केलं असेल?

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय ते गाणं. 'ट्रिप टू हायडन'. १९७१ च्या 'इन सर्च ऑफ अ साँग' ह्या रेकॉर्डमधलं.

३० डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत खाणकामगारांच्या सुरक्षेचा मोठा कायदा झाला, निक्सनची सही झाली. बरोबर एक वर्षाने, ३० डिसेंबर १९७० ला, केंटकीतल्या हायडन गावाजवळ हरिकेन क्रीक इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ३८ माणसं मेली. कायद्याच्या पहिल्या वाढदिवशी. हॉल मित्राबरोबर गाडी काढून तिथे गेला. दुसरा कुणी असता तर खाणमालकांवर तुटून पडला असता, आणि त्यात गैर काही नव्हतं. हॉलने काय केलं? रस्ता कसा होता ते सांगितलं. वाटेतली कोंबड्या-कुत्री, उद्या उचलून नेता येतील अशी तात्पुरती घरं, लाजरी हडकुळी पोरं. कुणाला पत्ता विचारला. खाणीचं तोंड बघितलं. आणि शेवटी तिथली एक बाई मेलेल्यांबद्दल बोलते: जिवंतपणी होती त्याहून त्यांची किंमत आता जास्त झालीय. नुकसानभरपाईबद्दल बोलतेय ती. आणि हॉल म्हणतो, मी इथेच थांबतो, तिने पुरेसं सांगितलंय. गाणं संपतं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाणं बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कारण ते वाक्य मी ऐकलेलं होतं. माझं गाव यंत्रमागांचं. मी चौथीत असताना एका सायझिंगमध्ये बॉयलर फुटला आणि आमच्या गल्लीतला एक माणूस गेला. पेपरात चार ओळी आल्या, त्यातल्या दोन मालकाच्या दिलगिरीच्या. आणि पंधरा दिवसांनी नळावर बायका बोलत होत्या, की जन्मात घरात आणले नव्हते इतके पैसे मरून घेऊन आला. हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या, हंडे भरत होत्या. पुढे मी बऱ्याच कविता वाचल्या, कामगारांवरच्यासुद्धा, मुठी आवळणाऱ्या, सूर्य उगवणाऱ्या. नळावरची ती बाई कुठेच सापडली नाही. सापडली केंटकीतल्या गाण्यात. त्या गायकाने तिला बाजूला सारून स्वतःचा आवाज चढवला नाही, म्हणून सापडली.

आता तुम्हीच सांगा, ह्या माणसावर आमच्या कॅन्टीनमध्ये हसायचं आणि मी गप्प बसायचं? 'आय लव्ह' ऐकून मत बनवणाऱ्याने हायडन ऐकून मग बोलावं. डिलनने ते ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. त्याचे कान फार मोठे आहेत, त्याने जगातलं सगळं ऐकलेलं असतं. ऐकूनही भाषणात चुटका हवा म्हणून त्याने यादीचं गाणं उचललं. मला राग त्याचा आहे. त्याच भाषणात मर्ल हॅगर्डलाही टोला होता, पण त्याबद्दल त्याने नंतर खुलासा केला. हॅगर्ड म्हणजे दिग्गज ना. हॉलच्या बाबतीत भक्तमंडळींना कुणी खुलासा मागितलाही नाही.

आणखी एक तारीख. हॉलची बायको डिक्सी, स्वतः गीतकार, म्हातारपणी दोघं मिळून ब्लूग्रासची गाणी लिहायचे. ती गेली १६ जानेवारी २०१५ ला. म्हणजे त्या भाषणाच्या बरोबर तीन आठवडे आधी. डिलनला ठाऊक असेलच असं नाही, मी तसा आरोप करत नाही. पण संगीतकारांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या संस्थेच्या समारंभात जवळपास ऐंशीच्या त्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवून झालं, हे भाषणाची पारायणं करणाऱ्यांना ठाऊक असायला हवं. हॉल ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, ८५ वर्षांचा होऊन. त्याआधी २००८ ला कंट्रीच्या आणि २०१९ ला गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं होतं, म्हणजे त्याच्या गावच्यांना आणि धंद्यातल्यांना किंमत ठाऊक होती. अडलंय आपल्यासारख्या उसन्या मतांच्या लोकांत.

कुणाला ऐकायचंच असेल तर 'इन सर्च ऑफ अ साँग' ह्या रेकॉर्डपासून सुरुवात करा. केंटकीत गाडीने भटकून जमवलेला माल आहे सगळा. कोड लिहिताना मागे लावून ठेवू नका, फुकट जाईल, शब्द ऐकू यायला हवेत. केंटकीच्या उच्चारांची सवय व्हायला दोनदा ऐकावं लागतं. 'द इयर दॅट क्लेटन डिलेनी डाइड' आधी ऐका, गावातला गिटारवाला मेल्यावर रानात जाऊन एकट्याने रडणाऱ्या पोराचं, तेही पहिल्या नंबरवर गेलेलं. मग हायडन. आणि त्यात एक गाणं आहे ज्याच्या नावात नुसती जागा आणि तारीख आहे, 'केंटकी, फेब्रुवारी २७, १९७१'. आपण फाईलला नाव देतो तसं. हॉल एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गाण्यासाठी काही मिळतं का बघायला गेलाय. म्हातारा आपला बोलत राहतो, तरणी पोरं शहराकडे कशी निघून जातात ते सांगतो, आणि शेवटी बिचारा ओशाळून म्हणतो की इथे गाणं करण्यासारखं काही नाही बाबा.